१ जुलै २००२ : लॉजिक विकले गेले तेव्हा

(दीर्घ धागा. सवडीने वाचावा.)

२००२ सालच्या १ जुलैला ॲपल कंपनीने एक छोटेसे प्रसिद्धिपत्रक काढले. जर्मनीतील ‘इमॅजिक’ ही संगीताचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी आपण विकत घेतली आहे, ही त्यातील मुख्य बातमी. पण त्याच पत्रकात एक वाक्य होते आणि ते वाचून हजारो संगीतकारांच्या पायाखालची जमीन सरकली. इमॅजिकची विंडोजवर चालणारी उत्पादने ३० सप्टेंबर २००२ रोजी बंद होतील, असे ते वाक्य सांगत होते.

मुदत तीन महिन्यांची होती.

किल्ले, तह आणि ताम्रपट यांच्या धाग्यांत हा विषय कुठून आला, असे काहींना वाटेल. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले गेले, हे आपण शाळेपासून पाठ करतो. त्या किल्ल्यांच्या घेऱ्यात राहणाऱ्या साध्या माणसांना ते ऐकून काय वाटले, हे मात्र कागदपत्रांत फारसे सापडत नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या हस्तांतरणाचा इतिहास या बाबतीत वेगळा आहे, कारण येथील रयत लिहिती होती. मालक बदलल्याच्या दिवशीच तिने आपला राग, भीती आणि हिशेब नोंदवून ठेवले. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी साधने क्वचितच मिळतात.

आधी थोडी पार्श्वभूमी.

१९८३ साली वाद्ये आणि संगणक यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ‘मिडी’ हे मानक आले. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, आज्ञा जातात: कोणता सूर, किती जोराने, किती वेळ. १९८५ साली बाजारात आलेल्या अटारी एसटी या स्वस्त संगणकाला मिडीची खोबणी जन्मतःच होती. त्यामुळे युरोपातील घराघरांत संगीताची छोटी कार्यशाळा उभी राहू लागली आणि तिच्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची एक पेठच जर्मनीत, विशेषतः हॅम्बुर्गच्या परिसरात, वसली. १९८४ मध्ये स्थापन झालेली स्टाइनबर्ग तिथलीच. गेरहार्ट लेंगेलिंग आणि ख्रिस ॲडम यांनी ‘क्रिएटर’ व ‘नोटेटर’ लिहिले तेही याच पेठेत. पुढे या दोघांनी इमॅजिक काढली आणि १९९३ मध्ये ‘नोटेटर लॉजिक’ आणले. नावातला ‘नोटेटर’ लवकरच गळाला व लॉजिक उरले.

लॉजिक हे काही एका दुपारी शिकून होणारे साधन नव्हते. त्यात ‘एन्व्हायर्न्मेंट’ नावाची एक खिडकी होती. स्टुडिओतील प्रत्येक वाद्य, प्रत्येक जोडणी तिथे आकृतीच्या रूपाने मांडावी लागे. ती मांडणी एकदा हातात बसली की माणूस वाद्य वाजवावे तसे हे सॉफ्टवेअर वाजवत असे. बसेपर्यंत मात्र महिने जात. सोबतीला ईएक्सएस२४ हा सॅम्पलर, त्याच्यासाठी वर्षानुवर्षे जमवलेले ध्वनीचे संग्रह, युनिटर८ सारखी जोडयंत्रे, आणि चोरी रोखण्यासाठी यूएसबीत खोचायची ‘एक्सएसकी’ नावाची किल्ली. ही किल्ली नसेल तर पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअरही उघडत नसे.

एवढे तपशील देण्याचे कारण असे की, विंडोजच्या वापरकर्त्याचे नुकसान पेटीवरच्या किमतीने मोजता येत नव्हते. त्याचा संगणक, त्यातील साउंड कार्ड, त्यावरचे इतर प्रोग्रॅम आणि बोटांना लागलेली सवय हे सगळेच त्या वाक्यात अडकले होते.

मग ॲपलने असे का केले?

प्रसिद्धिपत्रकातच एक आकडा होता: इमॅजिकच्या उत्पन्नातील ६५ टक्क्यांहून अधिक वाटा मॅकवरील उत्पादनांचा होता. म्हणजे उरलेल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर नव्या मालकाने पाणी सोडले. हा मूर्खपणा नव्हता. ॲपलला सॉफ्टवेअर विकून पोट भरायचे नव्हते, संगणक विकायचे होते. १९९८ मध्ये मॅक्रोमीडियाकडून घेतलेल्या प्रकल्पातून तिने ‘फायनल कट प्रो’ उभे केले होते व चित्रपट संपादकांना मॅककडे वळवले होते. २००२ च्या फेब्रुवारीत ‘नथिंग रिअल’ ही दृश्य-परिणामांची कंपनी घेतली, आणि तिच्या ‘शेक’ या सॉफ्टवेअरची विंडोज आवृत्तीही बंद केली. जून २००२ मध्ये तर विंडोज सोडून मॅककडे या, असे सांगणारी ‘स्विच’ नावाची जाहिरात मोहीमच सुरू झाली होती. तीनच आठवड्यांनी इमॅजिकची बातमी आली. जाहिरातीत जे गोड बोलून सांगितले जात होते, ते इथे हात पिरगाळून सांगितले गेले, असे विंडोजवरील संगीतकारांना वाटले तर त्यात नवल नाही.

त्या काळच्या अंदाजानुसार असे सुमारे ७०,००० वापरकर्ते होते.

त्यांच्या प्रतिक्रियांत तीन सूर ऐकू येतात. पहिला अर्थातच संतापाचा: आम्ही इमॅजिकला पैसे दिले, ॲपलला नाही, मग आमच्या स्टुडिओत कोणता संगणक असावा हे ॲपल का ठरवणार? दुसरा हिशेबाचा. मॅक घ्यायचा तर नवे यंत्र आले, त्यावर चालणारी जोडउपकरणे आली, आणि केवळ विंडोजवर चालणारे उरलेले सॉफ्टवेअर वाया गेले. हा सूर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाहेरच्यांनी या मंडळींना ‘भावनिक’ म्हणून हिणवले तरी त्यांच्या मांडणीत भावनेपेक्षा आकडेमोड जास्त होती. तिसरा सूर शांत होता: आवृत्ती ५.५.१ चालते आहे ना, मग संगणकाला हात लावू नका, काहीही अद्ययावत करू नका, आहे त्यावर गाणी करत राहा. या तिसऱ्या गटातील काहींनी तेच जुने यंत्र पुढे वर्षानुवर्षे जपले. ५.५.१ ही विंडोजवरची शेवटचीच आवृत्ती ठरली.

इथे मुंबईच्या पागडीच्या चाळीची आठवण होते. चाळ विकली जाते, मालक बदलतो, भाडेकरू मात्र जागेवर राहतो, कारण कायद्याने त्याच्या पाठीशी काही हक्क उभे केलेले आहेत. सॉफ्टवेअरचा परवाना हाही एका अर्थाने भाडेकराराच होता. पण त्याच्या मागे असा कोणताही कायदा नव्हता. जिना पाडायचा की ठेवायचा, हे पूर्णतः नव्या मालकाच्या मर्जीवर होते.

आता कथेची दुसरी बाजू पाहू. लॉजिक मेले नाही. उलट भरभराटीला आले. इमॅजिकमधील मंडळी ॲपलमध्ये काम करू लागली. २००४ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी ‘गॅरेजबँड’ दाखवले, त्यामागे लेंगेलिंग यांचे काम होते. संगीताचा गंध नसलेल्या माणसालाही मॅक उघडताच हाताशी एक छोटा स्टुडिओ मिळू लागला. त्याच वर्षी ‘लॉजिक प्रो ६’ मध्ये इमॅजिकची पूर्वी सुटी विकली जाणारी वीसेक उत्पादने एकत्र बांधून ९९९ डॉलरला दिली गेली. २००७ मध्ये ‘लॉजिक स्टुडिओ’ ४९९ डॉलरला आले आणि ती कुप्रसिद्ध किल्लीही गेली. २०११ च्या डिसेंबरमध्ये किंमत १९९ डॉलरपर्यंत उतरली. २०१३ चे ‘लॉजिक प्रो एक्स’ही त्याच किमतीला मिळाले.

म्हणजे २००२ मध्ये ज्याच्याजवळ मॅक होता, त्याच्यासाठी हे हस्तांतरण वरदान ठरले, आणि ज्याच्याजवळ विंडोज होते त्याच्यासाठी ते घर सोडण्याची नोटीस ठरले. एकाच घटनेचे हे दोन इतिहास आहेत. जिंकणाऱ्यांचा इतिहास अधिक वाचला जातो, हा नियम तंत्रज्ञानालाही लागू पडतो.

एक बारकावा सांगण्याजोगा आहे. लॉजिक ५ पासूनच्या फाइली नंतरच्या लॉजिक प्रोमध्ये उघडण्याची सोय ॲपलने ठेवली. त्यामुळे विंडोजवर रचलेली ती गाणी नष्ट झाली नाहीत. ती उघडण्यासाठी मॅक मात्र लागतो.

परंतु बातमी येताच एवढी धडकी का भरली? कारण चार वर्षांपूर्वीचे एक प्रकरण सर्वांच्या स्मरणात ताजे होते.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १९८५ मध्ये डेव्ह ओपनहाइम यांनी ‘ओपकोड’ ही कंपनी स्थापन केली होती. १९९० मध्ये तिच्या ‘स्टुडिओ व्हिजन’ने मिडीच्या आज्ञा आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही दोन्ही कामे एकाच पडद्यावर आणली. आज संगीताचे प्रत्येक सॉफ्टवेअर जे करते, त्याची व्यापारी सुरुवात इथे झाली. याखेरीज ओपकोडचे ‘ओएमएस’ हे मॅकवरील मिडीचे जणू सार्वजनिक रस्ते होते. इतर कंपन्यांची सॉफ्टवेअरही त्यावरूनच चालत. १९९८ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सनने ओपकोड विकत घेतली. १९९९ उजाडले आणि विकास थांबला. ओपकोडची उत्पादने न वापरणाऱ्यांनाही त्याचा फटका बसला, कारण रस्त्याची डागडुजी करणारा कोणी उरला नाही. ॲपलने नव्या मॅक ओएस एक्स प्रणालीत ‘कोअरमिडी’ आणल्यावर ही अडचण मिटली. आणि त्या कामात ओएमएस लिहिणारे डग वायट हेच होते. ज्ञान कंपनीच्या दप्तरात नसते, माणसांत असते, याचा हा चांगला दाखला आहे.

ओपकोडकडून एक गोष्ट मात्र वाचली. पॅरिसच्या ‘इरकाम’ संस्थेत मिलर पकेट यांनी लिहिलेला ‘मॅक्स’ हा प्रोग्रॅम ओपकोड विकत असे. त्यावर काम करणारे डेव्हिड झिकारेली यांनी तो आपल्या ‘सायकलिंग ७४’ या छोट्या कंपनीत नेला. मॅक्स आजही जिवंत आहे. २०१७ मध्ये ही कंपनी ‘एबलटन’ने घेतली, तेव्हा फारशी आरडाओरड झाली नाही, दोन्ही संस्था आधीपासून एकत्र काम करत होत्या, व विकत घेणाऱ्याचा पूर्वेतिहास लोकांना ठाऊक होता.

हा ‘पूर्वेतिहास’ शब्द लक्षात ठेवा. पुढच्या प्रकरणात तोच मध्यभागी आहे.

स्टाइनबर्गही याच काळात दोनदा विकली गेली. २००३ च्या आरंभी ती अमेरिकेच्या पिनॅकल सिस्टिम्सकडे गेली आणि २००४ च्या अखेरीस यामाहाने ती घेण्याचा करार जाहीर केला. तिचे क्यूबेस आजही विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते. त्यामुळे त्या विक्रीच्या कथा कोणी फारशा सांगत नाही.

आता केकवॉक. १९८७ मध्ये ग्रेग हेंडरशॉट यांनी अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात ‘ट्वेल्व्ह टोन सिस्टिम्स’ काढली व डॉसवर चालणारे ‘केकवॉक’ बाजारात आणले. पुढे उत्पादनाचेच नाव कंपनीला मिळाले. २००१ मध्ये त्यांनी ‘सोनार’ आणले. केकवॉक विंडोजची निष्ठावंत होती; विंडोजवर लॉजिक बंद पडले तेव्हा आश्रयाला जाण्याजोग्या मोजक्या ठिकाणांपैकी सोनार हे एक होते. २००८ मध्ये जपानच्या रोलँडने तिच्यात बहुमताचा हिस्सा घेतला आणि २०१३ च्या सप्टेंबरमध्ये केकवॉक गिब्सनकडे गेली.

तीच गिब्सन.

बातमी येताच जुन्याजाणत्या वापरकर्त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो ‘ओपकोड’. तरुणांना तो शब्द कळलाच नाही. त्यांना तो समजावून सांगावा लागला. समर्थकांचे म्हणणे होते की पंधरा वर्षांत कंपन्या बदलतात, आणि एका मोठ्या वाद्यनिर्मात्याचे पाठबळ मिळणे चांगलेच आहे. हे म्हणणे अवाजवी नव्हते. २०१५ मध्ये सोनारची मासिक सदस्यत्वाची पद्धत आली, नव्या सुविधा दरमहा येऊ लागल्या, आणि २०१६ मध्ये कंपनीने आजीवन अद्ययावतीकरणाची योजनाही मांडली: एकदा पैसे भरा, पुढच्या सर्व आवृत्त्या मिळत राहतील. अनेकांनी ती घेतली.

२० नोव्हेंबर २०१७ रोजी गिब्सनने केकवॉकच्या उत्पादनांचा विकास व निर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. कारण असे दिले की, कंपनीला आता फिलिप्स या नावाखालील ग्राहकोपयोगी ध्वनिउपकरणांवर लक्ष केंद्रित करायचे आहे. गिटारच्या कंपनीने संगीतकारांचे सॉफ्टवेअर सोडून हेडफोन आणि स्पीकर यांना जवळ करावे, ही विसंगती वापरकर्त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. ‘आजीवन’ म्हणजे नेमके कोणाचे जीवन, हा प्रश्न तर साऱ्यांच्याच तोंडी होता.

या वेळची प्रतिक्रिया २००२ पेक्षा अधिक व्यवहारी होती. पंधरा वर्षांत धोक्याचे स्वरूप बदलले होते. पूर्वी किल्ली यूएसबीत असे. आता ती कंपनीच्या सर्व्हरवर होती. सर्व्हर बंद झाला तर नव्या संगणकावर सोनार सुरूच करता येणार नाही, ही भीती होती. म्हणून वापरकर्त्यांनी एकमेकांना इन्स्टॉलर उतरवून ठेवायला सांगितले, आपल्या गाण्यांचे प्रत्येक वाद्य वेगळ्या ध्वनिफाइलमध्ये काढून ठेवण्याचा सल्ला दिला, आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनी देऊ केलेल्या सवलतींची तुलना सुरू केली. जळत्या घरातून आधी काय बाहेर काढायचे, याचे हे सामूहिक नियोजन होते.

पण घर जळाले नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या ‘बँडलॅब’ने केकवॉकची बौद्धिक संपदा विकत घेतली, आणि एप्रिलमध्ये सोनारची सर्वांत मोठी आवृत्ती ‘केकवॉक बाय बँडलॅब’ या नावाने चक्क फुकट दिली. याच सुमारास, १ मे २०१८ रोजी, गिब्सनने अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षणासाठी अर्ज केला.

फुकट मिळाल्यावर लोक खूश झाले असतील, असे आपल्याला वाटते. बरेच झालेही. परंतु दोन सल राहिले. ज्यांनी आजीवन योजनेचे पैसे भरले होते, त्यांना आता तेच सॉफ्टवेअर कुणालाही विनामूल्य मिळताना दिसले. दुसरा सल अधिक खोल होता: ज्या वस्तूला किंमत नाही, तिच्यामागचा व्यवहार टिकणार कसा? ही शंका निराधार नव्हती. २०२३ मध्ये बँडलॅबने ‘सोनार’ हे नाव पुन्हा आणून नवे सशुल्क रूप जाहीर केले व फुकटचे केकवॉक टप्प्याटप्प्याने थांबवायचे ठरवले. नंतर २०२५ मध्ये सोनारचीच एक विनामूल्य श्रेणीही दिली.

या साऱ्या प्रकरणांत वापरकर्त्याच्या हाती फक्त दोन गोष्टी होत्या, बोलणे आणि सोडून जाणे. तिसरा मार्ग २०२१ मध्ये दिसला.

‘ऑडॅसिटी’ तुमच्यापैकी अनेकांच्या संगणकावर असेल. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केले. २००० साली ते लोकांसमोर आले. ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे त्याची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ‘म्युझ ग्रुप’ने ते घेतल्याची बातमी आली. लगेचच मे महिन्यात वापराची माहिती गोळा करणारी यंत्रणा जोडण्याचा प्रस्ताव आला आणि त्यात गूगल व यांडेक्स यांच्या सेवांची नावे होती. विरोध इतका झाला की तो प्रस्ताव काही दिवसांतच मागे घेतला गेला. जुलैमध्ये नवे गोपनीयता धोरण आले. त्यात तेरा वर्षांखालील मुलांनी हे सॉफ्टवेअर वापरू नये, असे कलम होते. मुक्त परवाना तर वापरणाऱ्याच्या वयावर काहीच अट घालू देत नाही. ‘हेरगिरीचे सॉफ्टवेअर’ हा आरोप वृत्तसंस्थांपर्यंत पोहोचला.

हा आरोप अतिरंजित होता, असे माझे मत आहे. त्रुटींचा अहवाल आणि नवी आवृत्ती आली का याची तपासणी, यापलीकडे प्रत्यक्षात फारसे काही नव्हते. तरी संशयाला जागा कंपनीच्याच ढिसाळ शब्दांनी दिली होती. महिना संपण्यापूर्वी तिने दिलगिरी व्यक्त करून धोरण पुन्हा लिहिले व ते वयाचे कलम काढून टाकले.

मात्र तोवर काहींनी संहिता उचलून वेगळी चूल मांडली होती. ‘टेनॅसिटी’ ही त्यांतील सर्वांत परिचित शाखा. २००२ मधील लॉजिकच्या वापरकर्त्याला हे करता आले नसते. संहिता त्याच्या हातीच नव्हती. अर्थात चूल मांडणे आणि ती रोज पेटती ठेवणे यांत अंतर आहे. बहुतेक शाखा लवकरच विझल्या किंवा एकमेकींत मिसळल्या, टेनॅसिटी थोड्या स्वयंसेवकांच्या बळावर चालत राहिली, आणि बहुसंख्य लोक ऑडॅसिटीवरच राहिले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ३.२ ही आवृत्ती आली. गाणे वाजत असतानाच त्यावरचे ध्वनिपरिणाम बदलून ऐकण्याची सोय, जी लोक वर्षानुवर्षे मागत होते, ती त्यांना या आवृत्तीत मिळाली.